कुसळं नसलेला रुपया

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडमध्ये दातांच्या डॉक्टरकडं तोंड वासून बसलो होतो. गालात कापसाचे बोळे, निम्मी जीभ बधिर. घाटनांदूरहून भाची रेखा बोलत होती. "मामा, आबा गेले... सकाळी चहा घेतला, जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मला "अं... अं..." एवढंच करता आलं. ती दोनदा म्हणाली, "मामा, ऐकू येतंय का तुमाला?" आणि मी पुन्हा "अं" केलं. शेवटी डॉक्टरनंच फोन घेऊन सांगितलं की ऐकलंय त्यांनी, निघतायत ते. मी जन्मभर वर्गात इतिहास शिकवला, वर्गाबाहेरही तोंडाची टकळी कधी बंद ठेवली नाही. आणि ज्या माणसासाठी एक वाक्य लिहायचं सहा वर्षं राहून गेलं होतं, तो गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. याला आता दीड महिना झाला. ते वाक्य याच पुरवणीत छापून यायला हवं होतं, म्हणून संपादकांकडं ही जागा मागून घेतली आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे यजमान. नाव दिगंबर, पण घाटनांदुरात त्यांना सगळे 'टाकसाळवाले' म्हणत. तरुणपणी त्यांच्या हाताला एक गुण होता. दसऱ्यानंतर गावातली माणसं ऊसतोडीला निघायची, त्याआधी आपापले कोयते घेऊन त्यांच्या दारात यायची. लोहाराकडं लावलेली धार आठ दिवस टिकते आणि दिगंबरनं लावलेली हंगामभर, असं म्हणायचे. ते डावरे होते, त्यामुळं त्यांच्या हातून धार लावलेला कोयता उजव्या हाताच्या माणसाला पहिले दोन दिवस परका वाटायचा म्हणे, मग सोडवत नसे. याच हातावर त्यांना सरकारी टाकसाळीत नोकरी लागली. कुठल्या टाकसाळीत ते लिहीत नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. जी नाणी आपण खिशात घेऊन फिरतो, ती पोलादी ठशांमध्ये दाबून तयार होतात. ते ठसे घासून, चकचकीत करून पुन्हा यंत्रावर चढवायचे, हे दाजींचं काम. उभी नोकरी त्यांनी तेवढंच केलं आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा घाटनांदूरला येऊन कोयत्यांना धार लावत बसले.

मला नाण्यांचा नाद. शाळेतून सुटल्यावर दुकानदारांच्या गल्ल्यात बोटं घालणारा मास्तर म्हणून मी बीडमध्ये प्रसिद्धच होतो. पुढं याच पुरवणीत नाण्यांवर सदर लिहायला लागलो आणि डोक्यात थोडी हवाही गेली. गंमत बघा, घरात टाकसाळीतला माणूस असून मी त्यांना कधी धड काही विचारलं नाही. निजामाच्या काळातली नाणी, सातवाहनांची नाणी, यांच्यापुढं एक रुपयाचं स्टीलचं नाणं म्हणजे काय, असा माझा तोरा. दाजी भेटले की मी त्यांना म्हणायचो, "काय दाजी, सरकारची भांडी घासून हात दुखले का?" ते हसून म्हणायचे, "भांडी घासली म्हणूनच तुमच्या खिशात वाजतंय, मास्तर." मेहुणा-दाजींची ही थट्टा तीस-पस्तीस वर्षं चालली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

मग एके दिवशी रिक्षावाल्यानं परत दिलेल्या सुट्ट्यांत मला एक वेगळा रुपया मिळाला. स्टीलचा, त्या वेळी चालायचा तो छोटा. त्यावर अंकाच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या असतात. या नाण्यावर दाणे होते, देठ होता, पण दाण्यांवरची कुसळं नव्हती. जणू कुणी ओंबी भाजून हातावर चोळली होती. मी हरखून गेलो. असं चुकीचं नाणं म्हणजे संग्राहकाला सणच. पुढच्या रविवारच्या सदरात मी त्यावर लिहिलं आणि शेवटी, वाचकाला हसू यावं म्हणून, एक वाक्य टाकलं: 'टाकसाळीतला कुणी कामचुकार कामगार ठसा घासताना झोपला असणार, आणि त्याच्या एका डुलकीत देशाचं पीक कापलं गेलं.' स्वतःवर खूश होऊन मी ते वाक्य दोन-तीन जणांना फोन करून वाचूनही दाखवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पेपर घाटनांदुरातही येतो. गावात ठसे घासणारा माणूस एकच, हे मला माहीत होतं; लिहिताना मात्र ते आठवलं नाही. रेखानं नंतर सांगितलं ते असं. दाजी दाढी करायला गेले होते, तिथं कुणीतरी तो लेख मोठ्यानं वाचला आणि सगळे त्यांच्याकडं वळले. "काय टाकसाळवाले, झोपला होता व्हय? आमाला वाटलं सरकारी नोकरीत लई काम असतं!" दाजी हसले म्हणे. त्यानंतर महिना-दोन महिने कोयता घेऊन येणारा प्रत्येक जण "बघा बरं, झोपू नका," असं म्हणून जायचा. माणसं वाईट नव्हती, थट्टाच करत होती. पण ती थट्टा त्यांच्या हातावर होती आणि ती मी छापून दिली होती.

त्या दिवाळीनंतर मी घाटनांदूरला गेलो. दाजींनी लेखाचा विषय काढला नाही. जेवण झालं, ऊन कलायला लागलं, तेव्हा सहज म्हणाले, "ते नाणं आणलंय का हो मास्तर?" मी ते पाकिटात वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये घालून मिरवतच असायचो. त्यांनी ते घेतलं आणि दारात गेले. समोरून उजेड घेतला नाही. नाणं आडवं धरून, कडेनं येणाऱ्या उन्हात हळूहळू फिरवत बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, बघा, आता कसं यांनाही अप्रूप वाटतंय. मग ते म्हणाले, "हे झोपेत झालेलं न्हाई. हे घासून झालेलं हाय."

"तेच तर मी लिहिलंय," मी म्हणालो.

"तसं न्हाई," ते म्हणाले आणि अक्काला हाक मारून अंगाचा नवा साबण आणि थोडी कणीक मागितली. अक्का कुरकुरली, पण तिनं आणून दिलं. ओसरीवर मांडी घालून त्यांनी खिळ्याच्या टोकानं साबणात ओंबी कोरली. दाणे खोल कोरले, कुसळं नुसती रेघ ओढल्यासारखी, वरवर. वर कणकेचा गोळा दाबून उचलला. कणकेवर उंच दाण्यांची, बारीक कुसळांची सुरेख ओंबी आली. "हा ठसा आन् हे नाणं," ते म्हणाले. "ठशात चित्र आत असतंय, नाण्यावर ते वर येतंय. आता बघा." त्यांनी त्या साबणाचा कोरलेला चेहरा ओल्या फरशीवर चार-पाच वेळा घासला, पुसला, पुन्हा कणीक दाबली. दाणे होते, जरा बुटके झालेले. कुसळं गायब. "उथळ असतं ते आधी जातं. खोल असतं ते राहतं. घासणाऱ्याला कुसळं काढायची नसतात, मास्तर. तो वरचा पृष्ठभाग साफ करायला गेलेला असतो."

साफ कशासाठी करायचा, तेही त्यांनी सांगितलं. वर एक ठसा, खाली एक ठसा, मधे कोरी चकती. यंत्र दाबलं की नाणं. पण कधीकधी चकती यायचीच राहते आणि दोन्ही ठसे थेट एकमेकांवर आपटतात. मग सिंहांच्या बाजूची पुसट रेघ ओंबीच्या ठशावर उमटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक नाण्यावर येत राहते. ती रेघ काढायला ठसा घासावा लागतो. थोडं घासलं तर रेघ राहते, जास्त घासलं तर आपलं चित्र जातं. "मधली जागा लई बारीक हाय," ते म्हणाले. "चूक मिटवायला जावं आन् बरोबर होतं तेच मिटावं... असं होतं कधीकधी. पण ते झोपलेल्या माणसाच्या हातून होत न्हाई. लई जपणाऱ्याच्या हातून होतं."

अक्का तिकडून म्हणाली, "साबण तर गेलाच की जपणाऱ्याच्या हातून." आम्ही सगळे हसलो. हसणं थांबल्यावर दाजी म्हणाले, "मास्तर, तुमच्या पेपरात एवढं एक लिवा. झोपला म्हनू नका." मी लगेच हो म्हणालो. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. "हे नाणं माझ्याकडं राहू देता का?" आणि मी म्हणालो, "दाजी, दुसरं काहीही मागा. हे म्हणजे माझ्या संग्रहाचा मेरुमणी!" त्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये नीट घालून माझ्या हातात दिलं. आज हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते.

बीडला आल्यावर मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य झरकन लिहिलं: 'मागे मी एका कामगाराला कामचुकार म्हटलं, ते चूक होतं, मी चुकलो.' वाचलं. जरा उघडंवाघडं वाटलं. 'चूक होतं' खोडून 'अपुऱ्या माहितीवर आधारलेलं होतं' असं केलं. दुसऱ्या दिवशी तेही खटकलं, म्हणून 'काही वाचकांचा कदाचित गैरसमज झाला असावा' असं केलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, वाचकांचा गैरसमज झालेलाच नाही तर तो दूर कशाला करायचा? आणि ते वाक्यच काढून टाकलं. लेख मोठा झोकात छापून आला. साबण, कणीक, ठशांची टक्कर, सगळं त्यात होतं आणि सगळं जणू मलाच सुचल्यासारखं. 'टाकसाळीतील एका जाणकाराच्या मते' एवढा एक तुकडा दाजींच्या वाट्याला आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण मी शाळेत किती वर्षं शिकवली असेन, देव जाणे.

दाजींचा फोन आला. "लेख लई भारी झाला मास्तर. साबण बी आला त्यात." मग म्हणाले, "...झोपेचं तेवढं राहिलं."

"पुढच्या वेळी लिहितो ना," मी म्हणालो.

"हां. सावकाश लिवा."

पुढच्या वेळी होन आले, त्याच्या पुढच्या वेळी शिवराई. मग सदरच बंद झालं. पुढं एकदा मी संपादकांकडं विषय काढला तर ते म्हणाले, शिळ्या कढीला ऊत कशाला आणता? आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर दाजींनी तो विषय कधीही काढला नाही. धर्मापुरीच्या देवळाला आम्ही एकदा सगळे मिळून गेलो होतो, तेव्हा ते तिथल्या एका मूर्तीसमोर उभे राहून हवेतच तिच्या दागिन्यांवरून बोटं फिरवत होते. मला म्हणाले, "बघा, पायाला हात लावून लावून माणसांनी पैंजण पुसून टाकले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं." मी मान हलवली. त्या दिवशीही मला सांगता आलं असतं, दाजी, माझं वाक्य अजून राहिलंय. पण चहाला उशीर होत होता आणि गाडीवाला घाई करत होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. अक्का आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अक्का, त्या नाण्याचं दाजींनी फार मनाला लावून घेतलं होतं का गं?" अक्कानं पदराचा काठ सारखा केला. मग म्हणाली, "आरं वसंता, ते नाणं त्यांचंच होतं."

मला कळेना. ती म्हणाली, "तू गेल्यावर सांगितलं मला. म्हनले, ते माझ्या हाताचं हाय. घासल्यावर बारीक रेघा राहत्यात म्हनं, आन् माझ्या रेघा उलट्या अंगाला झुकत्यात, डावरा ना मी. वरचा साहेब म्हनला होता, ठसा बाद कर. हेच म्हनले, एक डाव वाचवून बघतो. सिंहाची एवढीशी रेघ राहिली होती, ती काढायला गेलते. कुसळं गेली ते दिसलंच न्हाई. नाणी पोत्यात भरून गेल्यावर कळलं... उभ्या नोकरीत तेवढं एकच, वसंता. अन् ते फिरून फिरून तुझ्याच खिशात आलं."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मी दुसऱ्या दिवशी छापलं असतं!"

"म्हनूनच न्हाई सांगितलं. म्हनले, मास्तरला कळलं तर ते मेहुणा म्हनून लिवतील, माझ्या भिडंनं लिवतील. तसं नको. खरं हाय ते खरं हाय म्हनून लिवलं तर लिवावं." आणि मग ती म्हणाली, "सहा वरीस रविवारचा पेपर आला की आधी तुझंच पान बघायचे. सदर बंद झाल्यावर बी."

मी बीडला आलो ते थेट कपाटाशी. बहुतेक नाण्यांवर वर्षाच्या खाली एक बारीक खूण असते, त्यावरून नाणं कुठल्या टाकसाळीत पडलं हे समजतं. ही गोष्ट मी स्वतः या पुरवणीत लिहिली आहे. त्या रुपयावरची खूण दाजींच्या टाकसाळीची होती. वर्ष त्यांच्या नोकरीतलं होतं. दोन्ही गोष्टी मला पहिल्या दिवसापासून दिसत होत्या आणि मी त्या एकमेकींशेजारी कधी ठेवल्याच नाहीत. ठसा घासणारा माणूस माझ्या ताटाशेजारी जेवत होता, तरी मला तो कुठला तरी, कुणीतरी, बिनचेहऱ्याचा कामगार वाटला. नाणं दाजींसारखं आडवं धरलं, खिडकीतल्या उन्हात फिरवलं. ओंबीच्या मागं, रिकाम्या जागेत, केसासारख्या रेघा होत्या. सगळ्या डावीकडं झुकलेल्या. इतकी वर्षं मी भिंगातून जे नव्हतं तेच बघत आलो होतो. जे होतं त्याच्यावर माझी नजर कधी थांबली नाही.

तर ते वाक्य असं आहे. सहा वर्षांपूर्वी या पुरवणीत मी टाकसाळीतल्या एका कामगाराला कामचुकार म्हटलं आणि तो कामावर झोपला असं लिहिलं. ते खोटं होतं. तो झोपला नव्हता. एक ठसा वाचावा म्हणून तो गरजेपेक्षा जास्त जपून काम करत होता. मी चुकलो आणि मला माझी चूक दाखवून दिल्यावरही मी ती कबूल केली नाही. त्या कामगाराचं नाव दिगंबर, राहणार घाटनांदूर.

हा लेख पाठवण्याआधी मी घाटनांदूरला गेलो. तो रुपया अक्काच्या हातावर ठेवला. तिनं तो बघितला, उलटून बघितला आणि म्हणाली, "आता कावून आणलास? मागितला तवा दिला न्हाईस." मी खिशातून कागद काढले आणि म्हणालो, लिहिलंय, ऐक. संध्याकाळची वेळ होती, गल्लीतली माणसं आपापल्या दारात बसली होती, समोर दोघं-तिघं उगाच गप्पा छाटत होते. मी हळू आवाजात वाचत गेलो. 'तो झोपला नव्हता' इथं आलो तेव्हा अक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"ते परत वाच," ती म्हणाली. "उभा राहून वाच. मोठ्यानं."

मी उभा राहिलो.